तिसऱ्या गाण्यातली बाई

३ मार्च
आजपासून रोज लिहिणार. विषय एकच, माझा लाडका हार्ड रॉक अल्बम. निघाला तेव्हा समीक्षकांनी त्याची पार सालटी काढली. ‘नुसता गोंगाट’ म्हणे! आता तेच लोक ‘उपेक्षित क्लासिक’ म्हणून गळे काढतायत. गाढव लेकाचे. मी शाळेत असल्यापासून हेच सांगतोय. अर्थात मला कुणी विचारलं नव्हतं.

७ मार्च
तीन दिवस लिहिलं नाही. चिंतन चालू होतं.
ठरलं. पुढच्या रविवारी आमच्या हॉलमध्ये श्रवणसभा. वक्ता मी. मुख्य मुद्दा, तिसरं गाणं. गिटार ऐन रंगात आलेली असताना मागे दूरवर धाड धाड ढोल आणि एका बाईचा आर्त टाहो. अंगावर काटा येतो. एकाही समीक्षकाने त्या बाईचा उल्लेख केलेला नाही. हे म्हणे संगीतातले जाणकार!
बायको म्हणाली, रविवारी पडदे धुवायचेत. या घरात कलेला किंमत नाही.

१० मार्च
पेपरातल्या संगीत पानाचे संपादक यायला तयार! माझं भाषण आवडलं तर सदर देणार. मग वीज मीटर ऑफिसातल्या नोकरीला रामराम. राजीनाम्याचा मसुदा तयार, भाषा जरा जहाल झालीय.

१२ मार्च
मेहुण्याचा फोन. त्याच्याकडे अल्बमची नवी, साफ केलेली आवृत्ती आहे. त्यात बाई नाही म्हणतो. नसणारच! साफसफाईच्या नावाखाली मूर्खांनी तिलाच पुसलं. मी माझी कॅसेटच लावणार. मित्राची रेकॉर्ड आणून, स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, खोलीला आतून कडी घालून स्वतः भरलेली. अस्सल माल.

१५ मार्च, रविवार
संपादक आले. मेहुणा आला. आईला उगाच सोफ्यावर बसवलं, तेवढीच गर्दी.
भाषण अप्रतिम झालं. मग तिसरं गाणं. ढोल. टाहो. मी डोळे मिटले. उघडले तर सगळे आईकडे बघतायत.
आई म्हणाली, अगं बाई, ही तर मीच! कार्टं कडी लावून बसलं होतं, दार बडवून बडवून हात दुखले माझे, जेवण गार होत होतं.
संपादक हसता हसता सोफ्यावरून घसरले. पुन्हा लावा म्हणाले. मेहुण्याने तीनदा लावलं. नीच माणूस.

१६ मार्च
राजीनामा फाडला. डोकं दुखतंय म्हणून ऑफिसला दांडी.
संपादकांचा फोन आला. छापणार आहेत. माझं भाषण नव्हे, आईची मुलाखत, फोटोसकट. अल्बमबद्दल तिचं मत विचारलं तर म्हणाली, नुसता गोंगाट.
दुपारी दार लावून गुपचूप मेहुण्याची साफ आवृत्ती ऐकली. बाकी अल्बम जबरदस्तच. कुणी काही म्हणो. पण तिसरं गाणं, आई नसली की, अगदीच बेताचं आहे.