शेगडी वाढव

१० नोव्हेंबर १९७१, सातारा

पोत्याचा तळ दिसला! दिवाळी झाल्यावर आणलेला कोळसा. डिसेंबर निघायला पाहिजे होता.

घरात आता माणसं तीनच. मी, चंद्राबाई आणि सून विजयमाला. जोतीरामची रजा अर्धी राहिली, तार आली, पोरगा पलटणीत गेला आणि तिथून थेट सरहद्दीवर. खाणारं तोंड एक कमी, आणि कोळसा जास्त. कसा?

१२ नोव्हेंबर

शेगडीचं इन्स्पेक्शन केलं. जाळीचे गज जळून वाकलेत, मधून अर्धे कच्चे कोळसे खाली राखेत पडतात. राख चाळली तर ओंजळभर निघाले. आतलं मातीचं लिंपणही एका अंगाला तडकलंय, धग बाहेर जाते. नवी जाळी बसवली. माती कालवून लिंपली.

चंद्राबाई दारात उभी. "आवं, पलटण न्हाई ही. शेगडी हाय."

असू दे. कारण सापडलं. सुनेला हाताखाली घेतली होती, तिनं माती चांगली मळून दिली. पोर कामाला चटपटीत आहे, बोलत मात्र नाही.

१७ नोव्हेंबर

काही फरक नाही. तेवढाच जातोय.

वखारीत जाऊन आकारामला धरला. वजनासाठी पाणी मारतोस काय रं? तो शांतपणे म्हणाला, "हवालदार, उन्हात वाळवून बघा. माझा माल कोरडा हाय. जरा घरातलं बघा."

घरातलं बघा म्हणजे काय? दिवसभर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा होतो, पण डोक्यात तेवढंच.

१८ नोव्हेंबर

कोळसा वाळवून बघितला. कोरडाच आहे.

२० नोव्हेंबर

जेवणं झाली की मी ड्यूटीवर. चंद्राबाई दुपारी देवळात जाऊन बसते ती दिवेलागणीलाच येते, जोतीराम गेल्यापासून एक दिवस चुकवला नाही. म्हणजे दुपारभर घरात सून एकटी. आणि परसाच्या भिंतीपलीकडं बनुबाई, तिच्याकडं कायम काहीतरी संपलेलं असतं. दोघींचं भिंतीवरून बोलणं चालतं हे मी बघितलंय.

मनात आलं ते जात नाही.

२२ नोव्हेंबर

विचारलंच. कोळसा कुठं जातो?

विजयमाला खाली बघून म्हणाली, "मामा, आत्या सांगत्यात तेवढंच करते मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासूवर ढकलते? चंद्राबाई पण उसळली. "मी काय गावाला कोळसा वाटाय सांगते व्हय गं?" पोरीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुढं एक शब्द नाही. मी म्हणालो, चोराला तोंड नसतं.

बोलून गेलो. जेवण तसंच राहिलं सगळ्यांचं.

२३ नोव्हेंबर

सकाळी ट्रंक भरून तयार. माहेरी सांगलीला जाते म्हणाली. मी अडवलं नाही. स्टँडवर मीच सोडली. गाडी हलेपर्यंत उभा होतो, तिनं खिडकीतून बघितलं नाही.

जोतीरामला काय कळवायचं? तो तिकडं कुठल्या खड्ड्यात बसलाय आणि इकडं त्याची बायको मी घालवली.

२६ नोव्हेंबर

आज सुट्टी, घरीच होतो. जेवल्यावर चंद्राबाई देवळाला निघाली. उंबऱ्यातून म्हणाली, "आवं, शेगडी वाढवा तेवढी."

मी घमेलंभर कोळसा ओतला. पुठ्ठ्यानं वारा घातला. लालभडक केली.

आज ती लवकरच परत आली. शेगडी बघून जागच्या जागी थांबली. "ह्ये काय केलं? वाढवा म्हटलं की मी!"

"मग? वाढवलीच की!"

ती भिंतीला टेकून खालीच बसली. मग हळू म्हणाली, "बांगडी फुटली म्हणतो का आपण? वाढली म्हणतो. प्वार गोळीच्या तोंडावर हाय. इझव म्हणाय जीभ उचलत न्हाई माझी, म्हणून वाढव म्हणते."

निखारे काढून पाणी मारायचं, संध्याकाळी तेच परत वापरायचे — एवढं सांगायचं होतं तिला. आणि रोज दुपारी त्या पोरीला सांगून जात होती — वाढव. पोरगी रोज वाढवत होती! माहेरी रॉकेलचा स्टोव्ह, शेगडी तिनं इथंच पहिल्यांदा बघितली. आणि चंद्राबाई यायची दिवेलागणीला, पेटती शेगडी बघून रात्रीच्या स्वयंपाकाची तयारी असंच समजायची.

रंगरुटांना सांगत आलो, हुकूम कळला नाही तर विचारा. हिनं का विचारलं नाही? कसं विचारणार? सासऱ्याचा आवाज परेडच्या मैदानावरचा. लाज वाटते आहे. लय वाटते आहे.

२८ नोव्हेंबर

सांगलीला जाऊन आलो. तिचे वडील आण्णा दारातच. पाणी दिलं, बसा म्हणाले नाहीत. "हवालदारसायेब, चोर म्हणून धाडली तुमी पोरीला."

काय झालं ते सगळं सांगितलं. माझं चुकलं, असंही म्हणालो. विजयमाला आतल्या दाराशी ऐकत होती. बाहेर आली.

"मामा, कोळसा लय जातोय हे मला दिसत होतं. पण मला वाटलं, ह्ये तिकडं हायती, म्हणून आत्यांनी दिवसभर इस्तू राखायचा नवस केला आसंल. नवसाला न्हाई कसं म्हणू?"

चल म्हणालो.

"आत्ता न्हाई."

एकटाच परतलो. चंद्राबाईनं सुनेचं ताट मांडून ठेवलं होतं.

१ डिसेंबर

कोळसा बेतानं जातोय आता. बघवत नाही ते पोतं.

४ डिसेंबर

लढाई सुरू झाली. रेडिओवर सांगितलं. चंद्राबाई देवळात गेली नाही, शेगडीपुढं बसून राहिली.

दुपारच्या सांगलीच्या गाडीनं विजयमाला आली. एकटी, ट्रंक घेऊन. चंद्राबाई सरकली, तिला शेजारी जागा दिली.

मी उठून शेगडी वाढवली. विजयमालाच्या अर्थानं.