घाटाकडचं गेट

१० फेब्रुवारी
सासऱ्यांनी आज घाटावर नारळ फोडला. पूर्वी इथून डोंग्यांतून कापूस पलीकडे जायचा. पूल झाला नि घाट ओस पडला. आता तिथं नदीकाठचं शॉपिंग सेंटर होणार. नदीतल्या कुठल्याही कामाचा नारळ आमच्या घरच्या हातचा, हा जुना मान. बिल्डरला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, मामाजी, नका जाऊ. तर म्हणे, "दुसऱ्याच्या हातानं फुटला त नदीले काय वाटन?" गेलेच. शाल मिळाली, फोटो निघाला.

२२ फेब्रु.
वस्तीतले सगळे बैठकीला गेले होते. पाणी उतरलं की आम्ही नदीच्या रेतीत डांगरं म्हणजे खरबुजं लावतो, त्या वाड्या तेवढ्या राहू द्या, एवढंच मागणं. बिल्डरच्या माणसानं मोबाइलवर फोटो दाखवला. "तुमच्याच म्हाताऱ्यानं नारळ फोडला ना?" संपली बैठक.

३ मार्च
शेजारी बारसं. आम्हाला बोलावणं नाही. शाल सासऱ्यांना, तोंड लपवायचं आम्ही.

१६ नोव्हें.
पाणी उतरलं. सेंटरला काचा लागल्या. घाटाला जाळी, गेट. रेतीवर म्हणे लोक फिरायला येणार. वाडीकडे निघालेल्या सासऱ्यांना वॉचमननं गेटवरूनच परत पाठवलं. घरी येऊन मलाच विचारतात, "मले काऊन अडवून राह्यला तो? नारळ त मीच फोडला." कीव आली, पण राग जास्त आला.

४ डिसें.
नवऱ्यानं सेंटरवर गार्डची नोकरी धरली. मी म्हटलं, लाज नाही वाटत? "वाडी गेली. आता खाऊ काय, रेती?" मग मी आणखीच भांडले.

८ डिसें.
उद्यापासून ह्यांची ड्यूटी घाटाकडच्या गेटवर. सुपरवायझर म्हणाला, तुझ्या लोकांले तूच समजाव. हुशार माणूस.

संध्याकाळी पाहते तर सासऱ्यांनी डांगराचं बी भिजवून फडक्यात बांधलेलं. चुलीजवळ, उबेला. मी विचारलं, मामाजी, लावणार कुठं?
"आपल्या वाडीत. आता त गेटवर पोरगाच हाये."
चेहरा असा खुललेला, कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. हे जेवत होते. मान वर केली नाही. सासरे उठून गेल्यावर हळूच म्हणाले, "तू सांग त्यायले."
मी काऊन सांगू? नोकरी मी धरली का?
बी फुगलंय. एक-दोन दिवसांत मोड येतील. मोड आलेलं बी ठेवता येत नाही.