मोठे पिस्तूल कमरेलाच राहू देण्याबाबत

प्रति,
मा. शेरीफ गार्लंड प्रुएट,
शेरीफ कार्यालय, डन्स्टन काउंटी,
न्यायालय चौक, हॅस्केट, टेक्सस.

विषय: मोठे पिस्तूल जमा करून लहान पिस्तूल देण्याचा आदेश माझ्यापुरता रद्द करून सोमवार, २१ ऑक्टोबरच्या सुनावणीस मला न्यायालयात सशस्त्र उभे राहू देणे.

संदर्भ: आपला १५ जुलैचा आदेश, आणि माझे यापूर्वीचे तीन अर्ज. पैकी पहिल्याला उत्तर नाही. उरलेल्या दोन उत्तरांबद्दल खाली लिहिले आहे.

सोबत: परीक्षेच्या निकालाची प्रत, फायलीतील मोजमापाची प्रत, आणि सही न केलेले निवड-पत्र.

महोदय,

१. मी खाली सही करणारी व्हर्ना स्टॉलकप, वय सत्तावन्न, आपल्या खात्यात एकोणीस वर्षे डेप्युटी आहे. त्यापैकी चौदा वर्षे न्यायाधीश इनेस ट्रेविन्यो यांच्या न्यायालयात, साक्षीदाराच्या खुर्चीपासून सहा पावलांवर, बंदोबस्ताला उभी आहे. इतक्या वर्षांत माझ्याविरुद्ध एकही लेखी तक्रार नाही. एका वकिलाने, मी त्यांच्याकडे "बघितले", अशी तोंडी कुरकुर केली होती आणि ती खरी होती. पहिले तीन अर्ज मी फार सभ्यपणे लिहिले. तिथेच चुकले असे आता वाटते.

२. आदेशाप्रमाणे आम्हा तिघी महिला डेप्युटींकडून मोठी पिस्तुले जमा करून "महिलांच्या हाताला सोयीची" लहान पिस्तुले देण्यात आली. तीस पुरुषांपैकी एकालाही, त्याचा हात केवढा आहे, असे विचारण्यात आले नाही. तिघींपैकी डोरा इबारा साध्या कपड्यांत समन्स पोचवत फिरते. तिला शर्टाखाली झाकेल असे हत्यार लागते. लहान पिस्तूल मिळाल्याने ती खूश आहे आणि तिचे अगदी बरोबर आहे. मी मात्र गणवेशात असते. माझे पिस्तूल पट्ट्याला, उघड्यावर, भरल्या न्यायालयासमोर असते. मला त्यातले काहीही लपवायचे नाही, उलट ते लोकांना नीट दिसावे म्हणूनच मला तिथे उभे केलेले आहे.

३. लहान पिस्तूल चालवायला सोपे, असे ज्याला वाटते त्याने ते हातात धरून पन्नास गोळ्या झाडलेल्या नाहीत. कारखान्याने नळी आखूड केली, मूठ आखूड केली, पण मुठीची जाडी होती तेवढीच ठेवली. त्यामुळे बारीक हाताच्या बाईला त्याचा काडीचा फायदा नाही, आणि माझ्यासारखीची करंगळी खाली हवेत लोंबकळते. वजन कमी, म्हणून दणका जास्त. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळजवळ, म्हणून हाताची केसभर चूक पंधरा यार्डांवर वीतभर होते. मोठे पिस्तूल जड असते हे मला मान्य आहे. दिवसभर ते पट्ट्याला वागवले की संध्याकाळी कंबर बोलू लागते. पण कंबर माझी आहे, आणि तिच्याबद्दल मी आजवर कोणाकडे अर्ज केलेला नाही.

४. सप्टेंबरमध्ये दगडखाणीमागच्या मैदानावर वार्षिक नेमबाजीची परीक्षा झाली. गोळ्या पन्नास, गुण अडीचशे, पास व्हायला एकशे पंचाहत्तर. गेल्या वर्षी मोठ्या पिस्तुलाने मला दोनशे अडतीस होते. यंदा लहानाने एकशे एकाहत्तर, म्हणजे चार गुणांनी नापास. शस्त्रभांडार आणि परीक्षा दोन्ही पाहणारे सार्जंट लेस्टर हलूपका सर्वांदेखत म्हणाले, "अहो मिस व्हर्ना, वय झालं की हात थरथरतोच. त्यात लाजायचं काय एवढं?"

मी म्हटले, "लेस्टर, हात थरथरत नाहीये, हे बेटं उड्या मारतंय. तू धरून बघ."

सार्जंट भला माणूस आहे. त्यांनी धरले. पन्नासच्या पन्नास गोळ्या झाडल्या आणि एकशे एकोणसत्तर गुण मिळवले. सार्जंटनी स्वतःचा कागद घडी करून खिशात घातला आणि "मी काही परीक्षेला बसलो नव्हतो" असे सांगून पुढचे नाव पुकारले. ते सकाळी मोठ्या पिस्तुलाने पास झालेले असल्यामुळे ते सशस्त्र आहेत. मी, त्यांच्यापेक्षा दोन गुण जास्त मिळवून, निःशस्त्र आहे; फेरपरीक्षेपर्यंत ते लहान पिस्तूल माझ्या कपाटात कुलपात पडून आहे.

५. तेव्हापासून माझी नेमणूक हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर आहे. तीन आठवड्यांत मी दोन छत्र्या आणि एक कवळी परत केली.

६. माझ्या दुसऱ्या अर्जावर आपल्या कार्यालयाने कळवले की, कोणाला कोणते पिस्तूल, हे "हाताच्या नोंदलेल्या मोजमापावरून" ठरवलेले असून ते मोजमाप फायलीत आहे. माझा हात कोणी, कधी मोजला हे मला काही केल्या आठवेना. म्हणून कायद्याने मिळतो तो हक्क वापरून मी फायलीची प्रत मागवली. ती दहा दिवसांनी आली. तिच्यात माझ्या नावापुढे पेन्सिलीने काढलेली हाताची आकृती आहे. लांबी पावणेपाच इंच. खाली सार्जंटची सही.

शेरीफसाहेब, ती टर्की आहे, थँक्सगिव्हिंगच्या ताटातला पक्षी. गेल्या नोव्हेंबरात त्या सणाला माझी नात पायपर, वय सात, हिने शाळेत कागदावर स्वतःचा पंजा ठेवून भोवती रेघ मारली, अंगठ्याला डोळा आणि चोच काढली, चार बोटांची पिसे रंगवली आणि वर "व्हर्ना आजी" असे लिहून मला दिली. मी ती कॉफीच्या खोलीतल्या फ्रिजवर लावली होती. आपल्यालाही नातवंडे आहेत, आपल्या घरच्या फ्रिजवरही एखादी असेलच. फेब्रुवारीत आम्हा तिघींच्या मोजमापाच्या दिवशी मी ज्युरीबरोबर न्यायालयात अडकले होते आणि सार्जंटना यादी त्याच दिवशी पुरी करायची होती. फ्रिजवर माझ्या नावाचा हात दिसला, तो त्यांनी मोजला. पुढे झेरॉक्समध्ये रंग गेले आणि पिसांची पुन्हा बोटे झाली. चोच मात्र प्रतीवरही स्वच्छ दिसते. ही फाइल आपल्या टेबलापर्यंत चार सह्यांमधून गेली. बाईच्या अंगठ्याला चोच आहे यात त्या चौघांपैकी कोणालाच काही वावगे वाटले नाही.

माझा हात पावणेआठ इंच आहे. माझ्या दिवंगत नवऱ्याचे हातमोजे घालून मी कुंपणाची तार ओढते आणि ते मला सैल होत नाहीत.

७. हे मी प्रथम सार्जंटना दाखवले. ते म्हणाले, "आता काय करू सांगा, मिस व्हर्ना? मागणी गेली, पिस्तुलं आली. टर्की मोजली म्हणून लिहून दिलं, तर जन्मभर मला त्याच नावानं हाक मारतील." त्यांची अडचण मला कळते. मग मी तिसरा अर्ज केला. त्याचे उत्तर असे: मोजमापात चूक असल्यास ती पुढील फेब्रुवारीच्या मोजमापात दुरुस्त होईल, तोवर अर्जदाराने सोबतचे निवड-पत्र भरून द्यावे. निवड-पत्रात चौकट एकच आहे. तिच्यापुढे "मी स्वखुशीने लहान पिस्तूल निवडत आहे" असे छापलेले आहे. मी सही केलेली नाही. खुशी माझी असेल तर ती मला आधी होऊ द्यावी, कार्यालयाने छापून ठेवू नये.

आपण स्वतः जिन्यात भेटला होतात, तेव्हा म्हणाला होतात, "एवढं काय मनाला लावून घेतेस, व्हर्ना? आता पर्समध्येसुद्धा बसेल तुझ्या." बरोबरचे लोक हसले. त्याचे उत्तर आता लेखी देते. माझ्या पर्समध्ये रक्तदाबाच्या गोळ्या, चष्मा आणि नातीचा एक मोजा असतो. पिस्तूल मी तिथे कधी ठेवले नाही, आणि ठेवणारी डेप्युटी आपल्या खात्यात असती तर आपण तिला काढून टाकले असते. टाकायलाच हवे होते.

८. आता मुख्य मुद्दा. २१ तारखेला रोझॅन मॅबरी हिची तिच्या आधीच्या नवऱ्याविरुद्ध साक्ष आहे. मार्चच्या तारखेला तो भर न्यायालयात बाक ओलांडून तिच्या अंगावर निघाला होता. मी पुढे होऊन हात पिस्तुलावर ठेवला. बाहेर काढले नाही, काढावे लागले नाही. त्याने माझा हात पाहिला, हाताखाली काय आहे ते पाहिले, आणि गुमान जाऊन बसला. कोणाला ओरखडासुद्धा नाही. त्या दिवशीच्या नोंदवहीत "विशेष काही नाही" अशी नोंद आहे, ती मीच केली. एकोणीस वर्षांत मी माणसावर एकही गोळी झाडलेली नाही. माझे काम मी कसे करते याचा तोच हिशेब आहे.

गेल्या गुरुवारी रोझॅन माझ्या खिडकीवर आली. तिचे काही हरवलेले नव्हते. तिने विचारले, "एकवीसला तुम्ही असाल ना तिथे?"

मी म्हटले, "असेन."

ती म्हणाली, "मग येते मी. तुम्ही नसलात तर मला नाही जमायचं." एवढे बोलून ती गेली. तिच्या साक्षीवाचून हा खटला उभा राहत नाही, आणि तो माणूस सुटला तर तिच्या घरापासून चार घरांवर त्याच्या आईकडे राहायला येणार आहे. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

लहान पिस्तूल लावून त्याच्यासमोर उभे राहायची मला भीती वाटते. हे लिहायला मला लाज वाटत नाही. वेळ आलीच आणि मला गोळी झाडावी लागली, तर ती कुठे जाईल याची मला खात्री नाही, आणि त्याच्या मागच्या बाजूला बारा ज्युरी बसलेले असतात. त्यांच्यात या खेपेस आमच्या चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या बाई आहेत.

९. सबब, माझे मागणे एवढेच. शुक्रवारी, १८ तारखेला सकाळी नऊ वाजता खाणीमागच्या मैदानावर माझे जुने मोठे पिस्तूल माझ्या हातात द्यावे. सार्जंटनी गोळ्या मोजाव्यात, आपणही यावे. दोनशेच्या खाली एक गुण आला तरी बिल्ला मी तिथेच काढून देईन आणि पुन्हा अर्ज करणार नाही. दोनशे किंवा वर आले तर ते पिस्तूल माझ्या पट्ट्याला लावूनच मी मैदानातून निघेन. निवड-पत्रावर मी दोन्ही प्रसंगी सही करणार नाही.

आपण मैदानावर आला नाहीत, किंवा पिस्तूल दिले नाहीत, तरी सोमवारी सकाळी साडेआठला मी माझ्या जागेवर असेन. कोणी सशस्त्र असावे हे आपण ठरवता. न्यायालयात कोणी उभे राहावे हे न्यायाधीश ठरवतात, आणि त्यांची परवानगी मी काल लेखी घेतली आहे. लहान पिस्तूल त्याआधी सार्जंटकडे जमा केलेले असेल. ज्याचा भरवसा नाही असे हत्यार लावून बारा माणसांच्या जिवाशी खेळण्यापेक्षा मी रिकाम्या पट्ट्याने त्या दोघांच्या मधे उभी राहीन. तो निघालाच, तर त्याला आधी माझ्यावरून जावे लागेल. रोझॅनने मला कोणते पिस्तूल आणाल असे विचारले नव्हते. मी असेन का, एवढेच विचारले होते, आणि मी हो म्हटले आहे.

आपली, नम्र राहण्याची शिकस्त करून,

(सही)
व्हर्ना स्टॉलकप
डेप्युटी, बिल्ला क्र. ४१
हॅस्केट, बुधवार, ९ ऑक्टोबर

प्रत: मा. न्यायाधीश इनेस ट्रेविन्यो, माहितीसाठी.