बंदुकीचा आवाज

रविवार, गडचांदूर

दर रविवारी आम्ही तिघं फासे टाकून राक्षसांची, जादूची गोष्ट खेळतो. गोष्ट मी सांगतो, नियमही माझेच. आज त्यात पहिल्यांदा बंदूक आणली. तलवारीपेक्षा दुप्पट जखम, पण पुन्हा भरायला एक पाळी थांबायचं.

शेजारचा सचिन खूश. त्याच्या शिपायानं वेशीवरचा राक्षस लगेच उडवला. प्रणाली मॅडमनी मात्र फासे हातातच ठेवले. त्या माझ्याच शाळेत शिकवतात, माहेर गडचिरोलीच्या जंगलात, एटापल्लीकडचं. खेळात त्या जडीबुटीवाली होतात.

"सर, याच्यात आवाज कुठी आहे?" त्या म्हणाल्या. "आमच्या गावात बार झाला का सगळे दारं लावून घेत. मंग सकाळपर्यंत कोणी कोणाले उघडे नाई."

"बंदूक काढून टाकू का?"

"नाई, राहू द्या. आवाजबी लिवा."

तसा नियम केला. बार झाला की गाव दारं लावणार. हे मला आधी काऊन सुचलं नाही? जखम मोजली, आवाज विसरलो.

पुढं लांडग्यांनी जडीबुटीवालीला फाडलं. सचिनची बंदूक भरलेली होती. पण बार केला तर दारं बंद, आणि जखमी बाईला ठेवायला घर तर हवं! तो फासे हातात घोळवत राहिला. मग म्हणाला, "मी तलवारच घेतो." कसाबसा जिंकला आणि तिला खांद्यावर टाकून त्यानं पहिल्याच झोपडीचं दार वाजवलं.

दार कोण उघडतं, ते सांगायचं काम माझं. मी मॅडमकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

"म्हातारी आहे एक," त्या हळूच म्हणाल्या. "कंदील घेऊन आली. म्हणते, आण बाबू तिले आत."