फिरत्या खुंट्याला हात

आई, तुझं जातं आता माझ्या क्वार्टरच्या गॅलरीत आहे, आणि ते बघूनच आज लिहायला बसलो. नव्वदच्या दशकातली ती दुपार. मला समुद्राकडच्या अणुवीज केंद्रात मदतनीसाची नोकरी लागली होती आणि तू अडून बसली होतीस. "अणूबिणू नको. आपल्या मळ्यातला झेंडू काय वाईट हाय? नाशकात रोज खपतोय." मखमलाबादच्या घराच्या पडवीत तू आणि काकू पापडांचे उडीद दळत होतात, आणि मी पुस्तकात वाचलेलं सांगत होतो : अणूच्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते, वाफेनं चक्र फिरतं, चक्रानं जनित्र, मग ती वीज तारांच्या जाळ्यात सोडायची, जिथे बाकीची केंद्रं आधीच एका लयीत फिरत असतात. "म्हंजे फिरत्यात घुसायचं," तू म्हणालीस आणि खुंट्यावरचा हात काढलास. "घूस." काकू एकटी फिरवत होती. मी खुंटा पकडला, जातं अडखळलं, बोटं सोलली. काकू हसली, "जातं जमंना, अन् चाललाय वीज करायला!" तू हसली नाहीस. "आधी फिरणं बघ. हात तितकाच फिरू दे. मग धर खुंटा." थोड्या वेळानं विचारलंस, "तुझी वीज आपल्या घरी येईल?" मी म्हणालो, सगळ्यांची एकात मिसळते, वेगळी नाही काढता येत. "पीठ तरी कुठं सांगतं कुणाच्या हाताचं ते," म्हणालीस, आणि मग, "वाफच हाय ना? जा."

तू गेल्यावर काही वर्षांनी, खात्याच्या सगळ्या परीक्षा देऊन, मी कंट्रोल रूममध्ये उभा आहे. बंद ठेवलेला संच जाळ्याला परत जोडायचा आहे. साहेब शेजारी, पण स्विचवर हात माझा. दोन्हीकडचा विजेचा दाब जुळलाय. दोन्हींची लय दाखवणाऱ्या तबकडीवरचा काटा घड्याळाच्या दिशेनं सावकाश फिरतोय. म्हणजे आपलं जनित्र जाळ्यापेक्षा किंचित जलद, हवं तसं. काटा बाराला पोचायच्या जरासं आधी मी स्विच फिरवला. धक्का नाही, गुरगुर नाही. साहेब म्हणाले, "लोण्यासारखं!" कॉलेजात न गेलेल्या माणसाला आई, याहून काय हवं? त्या संध्याकाळी आपल्या पडवीतल्या दिव्यात माझीही चिमूटभर वीज होती.

हे पत्र कुठे टाकणार, घडी करून जात्याखालीच ठेवतो. आणि एक : काल बायको दळत होती, मी ऐटीत हात घातला. बोटं पुन्हा सोलली.