आधी नाव, मग पिन

अप्पा, मी घाबरलेय. एरवी तुमची आठवण आली की मनातल्या मनात तुमच्याशी दोन वाक्यं भांडून घेते आणि कामाला लागते. आज ते जमेना, म्हणून कागद घेतला. बाहेर रविवारची टळटळीत दुपार आहे, ऊन सोफ्याच्या पायापर्यंत आलंय, खाली सोसायटीतली पोरं पाण्यात किंचाळतायत, आणि मी बाळकुमच्या या चौदाव्या मजल्यावर दाराला आतून कडी घालून बसलेय. तुम्ही पाहिलेल्या बाळकुमला भाताची खाचरं होती, आता आमच्या गॅलरीतून दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसतात. तुम्ही असतात तर चष्मा वर सारून म्हणाला असतात, "एवढे खून पचवलेस आणि आता कशाला घाबरतेस गं?" तेच सांगायचंय. पण माझ्या पद्धतीने सांगू द्या, मध्ये बोलू नका.

वाचन चालू आहे. हे गेल्यापासून तर जरा जास्तच. घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही, तर निदान पुस्तकात कुणीतरी दार ठोठावतं. हल्लीच्या रहस्यकादंबऱ्या तुम्हाला पटल्या असत्या की नाही कोण जाणे. परवा एक अनुवादित वाचली, कुठल्यातरी थंड देशातली. पहिल्या पानापासून बर्फ, जो तो कॉफी पितोय, आणि कुणाचं कुणाशी पटत नाही. खुनी झकास होता, पण इन्स्पेक्टर इतका रडका की "अरे बाबा, आधी दोन घास जेवून घे" असं मी मोठ्यांदा म्हटलं. दुसरी एक आपल्याकडचीच, अशाच टॉवरमधली, लिफ्टचं दार उघडतं आणि आत प्रेत. ती वाचल्यावर मी चार दिवस एकटी लिफ्टमध्ये शिरले नाही. वॉचमनला म्हणायचे, "चल रे जरा वरपर्यंत, पिशवी जड आहे." पिशवीत कोथिंबीर. आणि हल्ली एक नवीनच टूम निघालीये: गोष्ट सांगणारी बाईच विसरभोळी. पुस्तकभर आपण तिच्यावर विश्वास ठेवायचा, तिच्यासाठी जीव टांगणीला लावायचा, आणि शेवटी कळतं की जे घडलं ते हिनेच केलंय, हिला आठवत नाही एवढंच. असलं एक पुस्तक मी रागाने भिंतीवर भिरकावलं. वाचकाला असं फसवणं म्हणजे शुद्ध लबाडी, म्हटलं. आता वाटतं, तो राग नव्हताच.

पिनांची सवय मात्र तुमचीच अजून. डोंबिवलीचा आपला गाळा, त्यात जेमतेम चार कपाटं, बाहेर एक बाकडं, आणि त्याला तुम्ही ऐटीत वाचनालय म्हणायचात. नवीन रहस्यकथा आली की तिला खाकी कव्हर घालायचं, मग शेवटचं प्रकरण उघडून त्याच्या सगळ्या पानांना कडेला मिळून स्टेपलरची एक पिन मारायची. लोक शेवट आधी वाचतात आणि गावभर सांगत सुटतात याची तुम्हाला भयंकर चीड. तिथवर वाचून झालं की वाचकाने पुस्तक घेऊन काउंटरवर यायचं आणि खुनी कोण ते हळूच तुमच्या कानात सांगायचं. "आधी नाव, मग पिन." मग तुम्ही पिन काढून द्यायचात आणि तो बाकड्यावर बसून शेवट वाचायचा. बरोबर निघालं तर बरणीतली श्रीखंडाची गोळी, चुकलं तर "पुढच्या वेळी डोकं सोबत आणा साहेब." चांगले बँकेतले मॅनेजर त्या गोळीसाठी शाळकरी तोंड करून उभे राहायचे. तुमची नात, माझी लेक, शाळा सुटली की काउंटरवर चढून बसायची, कारण पिना काढायचं काम नंतर तिच्याकडे आलं होतं. आम्ही दोघी अजून तसंच करतो. पुस्तक हातात आलं की आधी शेवटाला पिन, मग पहिलं पान. मी ओळखलेलं नाव ऐकायला आता काउंटरवर कोणी नाही, तर मी कपाटाच्या आरशाला सांगते. गोळ्यांची बरणी फ्रिजवर ठेवलीये.

तर झालं असं. पलंगाशेजारी न वाचलेल्या पुस्तकांचा गठ्ठा असतो, त्यातलं एक मागच्या आठवड्यात उचललं. मुखपृष्ठावर विहीर. कोकणातलं गाव, एकत्र कुटुंब, धाकट्या सुनेचा खून. म्हटलं, वा, आज बर्फ नाही, कॉफी नाही, मस्त चहा टाकू आणि वाचू. स्टेपलर घेतला, शेवटचं प्रकरण उघडलं, तर कडेला दोन भोकं. बारीक, शेजारी शेजारी, सगळ्या पानांतून आरपार गेलेली. कुणीतरी पिन मारून नंतर काढलेली.

हसाल तुम्ही, पण माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की घरात कुणीतरी येऊन गेलं. दाराची कडी बघितली, गॅलरी बघितली, वॉशिंग मशीनच्या मागे वाकून बघितलं, हातात लाटणं. एवढ्या उंचावर कोण चढून येणार, आणि येऊन काय करणार, तर म्हातारीच्या पुस्तकाची पिन काढणार! मग लाटणं ओट्यावर ठेवलं आणि स्टूल ओढून बसले. कारण दुसरा विचार आला होता. पुस्तक चाळलं. मधल्या एका पानावर हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता. त्यावर मी माझा अंगठा ठेवून पाहिला. बसला. आता अंगठा कुणाचाही कुठेही बसेल म्हणा. पण पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, पानंच्या पानं वाचली, आणि एक शब्द ओळखीचा वाटेल तर शपथ. मी हे पुस्तक वाचलंय की नाही?

मग स्वतःचीच परीक्षा घेत बसले. आपल्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं, डावीकडून उजवीकडे. वाचनालयाच्या तिसऱ्या कपाटातली वरची फळी. आईच्या हातच्या फोडणीतला क्रम. सगळं घडाघडा आठवलं, आणि त्यानेच जास्त घाम फुटला. कारण जुनं तुम्हालाही सगळं आठवत होतं.

शहाडच्या बाई आठवतात ना तुम्हाला? सडपातळ, कायम सुती साडी, शाळेतून निवृत्त झालेल्या, शनिवारी न चुकता यायच्या. त्या दिवशी त्यांनी पुस्तक आणलं, तुमच्या कानात नाव सांगितलं, तुमच्या नातीने पिन काढली, बाईंनी बाकड्यावर बसून शेवट वाचला. बरोबर निघाला. गोळी घेतली. मग म्हणाल्या, "आता दुसरं काहीतरी द्या." आणि तुम्ही काउंटरवरचं तेच पुस्तक उचललंत, त्याच्या शेवटच्या पानांना नव्याने पिन मारलीत, आणि हसून म्हणालात, "हे कालच आलंय. मुद्दाम तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. गोळी अजून त्यांच्या गालात होती. त्यांनी ते पुस्तक पिशवीत घातलं, "थँक्यू हं" म्हणाल्या आणि गेल्या. कुणी काय कधी वाचलंय ते तोंडपाठ असलेले माझे अप्पा. "हे तुम्ही मागच्या गणपतीत नेलं होतंत, आणि तुमचा अंदाज सपशेल चुकला होता," असं सांगून माणसाची फिरकी घेणारे.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात वाल सोलत बसले होते. तुम्ही येऊन समोर पाटावर बसलात. जरा वेळाने, वालांकडे बघतच, विचारलंत, "आज त्या शहाडच्या बाईंना मी तेच पुस्तक परत दिलं का गं?" मी म्हणाले, "छे हो अप्पा! त्यांनीच मागितलं की, बहिणीला वाचायला हवं होतं त्यांच्या." किती पटकन म्हणाले. मानसुद्धा वर केली नाही. तुम्ही म्हणालात, "असं होय." मूठभर वाल पुढ्यात ओढलेत आणि सोलायला लागलात. पुढच्याच आठवड्यात मी "माझं बीपी दाखवायचंय, तुम्ही पण चला सोबतीला" म्हणून तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. तिथून पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. म्हणजे नाहीच माहीत. शेवटी शेवटी तर तुम्ही एकच पुस्तक वाचायचात, मी रोज सकाळी त्याला पिन मारून तुमच्या उशाशी ठेवायचे. रोज नव्याने तुम्हाला भीती वाटायची, भुवया वर जायच्या. आणि रोज चहाच्या वेळेला तुम्ही मला जवळ बोलावून कानात नाव सांगायचात, रोज बरोबर. आम्ही येईल त्याला कौतुकाने सांगायचो, माझं नाव आठवत नाही पण खुनी अजून अचूक ओळखतात. तेव्हा तुमच्या नातीने विचारलं होतं, "आई, आजोबा ओळखतात की त्यांना आठवतं?" मी तिला गप्प बसवलं होतं.

गेला आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. ही भोकं माझी नसतील, अशी एक वाट शिल्लक होती. पिन मारायची सवय आणखी एकीला आहे, आणि ती माझ्या गठ्ठ्यातली पुस्तकं न विचारता नेते. फोन करून विचारायचं, की बाई गं, तू नेलं होतंस का हे? एवढंच. पण ती नाही म्हणाली तर? रोज तिचा फोन यायचा, रोज भाजी काय केली ते सांगायचे आणि ठेवून द्यायचे. आणि मधल्या वेळात ते पुस्तक वाचायचे. शेवटाला नवीन पिन मारली, जुन्या भोकांच्या जरा खाली. खरं सांगते, इतकं कुठलंच पुस्तक घाबरून वाचलं नाही मी. विहिरीचं मला काही वाटलं नाही, अंधारात पावलं वाजली त्याचंही नाही. एखादं वाक्य ओळखीचं वाटलं की छातीत धस्स व्हायचं, आणि नाही वाटलं की त्याहून जास्त.

आज सकाळी तुमची नात आली. रविवारी येतेच, कल्याणहून, पिशवीभर पालेभाजी घेऊन, जशी काय ठाण्यात मेथी मिळतच नाही. ओट्याशी उभी राहून चहा टाकत होती. मी मागून, अगदी सहज विचारतेय असं दाखवत, विचारलं.

"ते विहिरीवालं पुस्तक तू नेलं होतंस का गं?"

"कुठलं?" ती पाठमोरीच. मग लगेच, "हां, ते! हो गं, मीच नेलेलं. दिवाळीनंतर. परत आणून ठेवलं की. का?"

"पिन मारली होतीस?"

"म्हणजे काय! न मारता वाचेन का मी?"

मला इतकं हलकं वाटलं अप्पा, की खुर्चीत बसलेच. मग तुमची मुलगी ना मी, गप्प कशी बसणार. म्हटलं, "मग सांग, खुनी कोण?"

तिने गॅस बारीक केला. दूध काही वर आलं नव्हतं. "सांगितलं तर तुझी मजा जाईल ना," म्हणाली. "वाच तू. टेन्शन नको घेऊस." मग दोन्ही कप भरून माझ्यासमोर येऊन बसली, बिस्किटाचा पुडा उघडला, आणि त्या पुड्याकडे बघत म्हणाली, "उद्या मी सुट्टी टाकते. माझं बीपी दाखवायचंय जरा. तू पण चल ना सोबतीला."

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. माझाच होता. मी काय म्हणाले असेन? "असं होय," म्हणाले, आणि कप उचलला.

म्हणजे त्या दिवशी वाल सोलताना तुम्हाला कळलं होतं. बहीणबिहीण काही नाही, पोरगी खोटं बोलतेय, आणि का बोलतेय, ते सगळं तिथल्या तिथे कळलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला वाचवलं. तुम्ही मला वाचवत होतात हो. किती घाबरला असाल त्या पाटावर बसून, आणि हात मात्र वाल सोलत होते.

आणि तरी सांगते, ती खोटं बोलली ते बरं वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल, असं आज धरून चालते. किंवा ती खरंच बोलली असेल. खरंच नेलं असेल तिने, खरंच तिचं बीपी वाढलं असेल, धावपळ काय कमी आहे तिला? दोन्ही होऊ शकतं. चांगल्या रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणापर्यंत दोन्ही होऊच शकतं, हे तुम्हीच शिकवलंत.

ती गेल्यावर कडी लावली आणि उरलेली पानं संपवली. आता फक्त पिन मारलेला भाग राहिलाय. उद्या अकरा वाजता ती मला न्यायला येईल. हे पत्र पुस्तकात घालून ठेवणार नाही, तिच्या हाती लागेल. फाडून टाकेन. पण नियम तो नियम, आधी नाव. तर कान इकडे करा: थोरली जाऊ. तीच ती, पोलिसांना दर वेळी आल्याचा चहा करून देणारी, जिच्यावर कुणाचाच संशय नाही. माझा पहिल्या पानापासून होता, ती अजून दारात उभी राहिली नव्हती तेव्हापासून. मी ओळखलं की मला आठवलं, ते मला सांगता येत नाही, अप्पा. पिन काढायचा धीर होत नाहीये. गोळी मात्र मी आत्ताच खाऊन टाकली.