सहलीत भरवलेले घास

डोंबिवली (पूर्व),
ज्येष्ठातली एक घामट दुपार

तीर्थस्वरूप त्र्यंबकमामांच्या चरणी भाचा विद्याधर याचा शिरसाष्टांग नमस्कार.

आधी तक्रार, मग बाकीचं. आपलं मागचं पत्र पोचलं. परंतु ते उघडताना माझ्या उजव्या अंगठ्यातून रक्त आलं. पाकिटाला कारखान्यातूनच डिंक लावून येत असता आपण ते स्टेपलरच्या पिना ठोकून बंद करता, आणि एका पिनेवर भागत असता चारी कडा शिवून काढता. कारण मला ठाऊक आहे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत कुणीतरी आपल्याला सांगितलं की पाकीट जिभेने ओलं करू नये. ती लाट गेली, पुढची गेली, माणसं पुन्हा एकमेकांच्या ताटातली भजी उचलू लागली. आपण मात्र व्रत सोडलं नाही. (पाण्याचं बोट फिरवलं तरी डिंक ओला होतो, ही वार्ता कळव्यापर्यंत पोचलेली दिसत नाही.) मी जन्मभर संस्कृत शिकलो आणि शिकवलं, शुद्धाशुद्धीचे पुष्कळ विधी वाचले, पण वडीलधाऱ्यांचं पत्र वाचण्याआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, असं कुठल्याही ग्रंथात आढळलं नाही. असो. प्रकृती कशी आहे? गुडघा काय म्हणतो? हे फोनवर विचारता आलं असतं. पण फोनवर आपल्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे आपण मान्य करत नाही. मी गुडघ्याचं विचारतो आणि आपण पंखेवाला अजून आला नाही असं सांगता. म्हणून हे पत्र.

आईचं विचाराल. ताप जाऊन बरेच दिवस झाले, खोकला थांबला, चाचणीही आता निगेटिव्ह आली. पण ती जेवत नाही. म्हणजे पानावर बसते, घास तोंडात घालते, पाणी पिते, उठते. त्याला जेवण म्हणायला जीभ रेटत नाही. सिद्धेशने आपल्याला ठाण्याहून येऊन काही सांगितलं असेलच (त्यात स्वतःचा भाग गाळून), तेव्हा आपल्या बहिणीची हकीकत मी मुळापासून लिहितो.

आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. घरात भटजी बोलावून शांत करावी असं माझं मत होतं, हॉल घ्यावा असं सिद्धेशचं, आणि या दोन मतांत आम्ही भाऊ नेहमीप्रमाणे अडकून पडलो असताना सिद्धेशच्या सान्वीने परस्पर निकाल दिला, की आजीला वॉटर पार्कमध्ये न्यायचं. "आजी, तिथे एवढी मोठी घसरगुंडी आहे, सरळ पाण्यात!" त्यावर आई म्हणाली, "मी काय म्हैस आहे?" पण म्हणताना तिला हसू आलं, आणि नंदाने (माझी पत्नी असली तरी ती आईचं हसू माझ्याआधी ओळखते) त्याच संध्याकाळी गाडी ठरवून टाकली. त्या सुमारास पेपरात आतल्या पानावर पुन्हा कोरोनाची चौकट यायला लागली होती. मी ती सगळ्यांना वाचून दाखवली. परिणाम असा झाला, की सहल रद्द न होता तिच्या बंदोबस्ताचं खातं माझ्याकडे आलं.

मामा, मी तो बंदोबस्त कसा केला हे सांगताना आज मान खाली जाते, पण त्या दिवशी मला मोठं समाधान होतं. माझा सिद्धान्त सरळ होता. रोग बाहेरून येतो. तेव्हा बाहेरच्यांना दूर ठेवावं, आणि आपण घरच्यांनी एकत्र राहावं. हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याप्रमाणे गाडीचा चालक मारुती, जो बिचारा ठणठणीत होता, त्याला डोंबिवलीपासूनच मास्क लावायला लावला, कारण तो बाहेरचा. आम्ही मागे सगळे उघड्या तोंडाने, कारण आम्ही घरचे. शीळफाट्यावर गाडी अडकली ती अडकलीच. डंपरची धूळ नको म्हणून काचा लावल्या, एसी चालू केला, आणि त्या बंद डब्यात सान्वीच्या आग्रहावरून भेंड्या खेळलो. सिद्धेशचा आवाज घोगरा लागत होता. नंदाने विचारलंही, "भावोजी, घसा बसलाय का हो?" तर तो म्हणाला, "काल मॅच बघताना ओरडलो ना वहिनी, त्याचं आहे." आमचं समाधान झालं. (काल मॅच होती का, हे कुणी विचारलं नाही. घरच्या माणसाचा घसा आपण तपासत नाही, क्षमा करतो.) त्यातून आईने पिशवीतली आलेपाकाची वडी काढली, अर्धी मोडून त्याच्या तोंडात घातली आणि उरलेली अर्धी आपल्या.

पार्कच्या दारात बाहेरचं अन्न नेऊ देत नाहीत. नंदाने पहाटे उठून केलेल्या पुरणपोळ्यांचा डबा रखवालदाराने काढून ठेवला. आईने त्याला सांगून पाहिलं की हे बाहेरचं नाही, आतलंच, म्हणजे आमच्या घरातलं आहे, पण त्याचं आत आणि आमचं आत निराळं होतं. पुढचा सगळा दिवस आम्ही परक्यांपासून आईचं रक्षण करण्यात घालवला. कोपऱ्यातलं झाड निवडलं, तिच्याभोवती खुर्च्यांचं कडं केलं. मी सॅनिटायझरची बाटली तिच्या हाती दिली होती. ती तिने पूजेतल्या पंचपात्रीसारखी धरली आणि आधी बाकावर, मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका गृहस्थांवर चार बोटांनी प्रोक्षण केलं. ते नखशिखान्त ओले होते. म्हणाले, "मावशी, मी आत्ताच पाण्यातून आलोय." आई म्हणाली, "हो, पण कुणाच्या?" ते उठून गेले. मला आईचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

तिसऱ्या प्रहरी वाढदिवस झाला. सिद्धेशने तिथल्याच हॉटेलात केक सांगितला होता. वेटर तो घेऊन अजून पायऱ्या चढत होता तोच आईने नाक वर केलं आणि म्हणाली, "यात लोणी नाही, डालडा आहे. आणि तोही जुना." मामा, आपली बहीण म्हणजे काय नाक आहे, हे मी आपल्याला सांगावं असं नाही. हॉलमध्ये पेपर वाचता वाचता ती आतल्या फोडणीची मोहरी कच्ची राहिल्याचं ओळखते. नंदाच्या आमटीला, लग्न होऊन ती या घरात आल्यापासून, आईने "बरी आहे" याच्यापुढे मजल जाऊ दिलेली नाही. त्या "बरी"साठी नंदा अजून झटते. तर केक डालड्याचा ठरला, तरी घरच्यांच्या हातचा घास नाही म्हणायची तिची रीत नाही. मी भरवला, नंदाने भरवला, सान्वीने अख्खी मूठ तोंडात कोंबली. प्रत्येकाचा तुकडा आई अर्धा चावायची आणि उरलेला अर्धा त्याच हाताने भरवणाऱ्याच्या तोंडात परत द्यायची. शेवटी सिद्धेश आला, तो खोकत. "राइडवर ओरडलो," म्हणाला. (तो दिवसभर लहान मुलांच्या आगगाडीखेरीज कशातही बसला नव्हता.) आईने त्याची पाठ चोळली, पदराने तोंड पुसलं आणि त्याच्या हातचे दोन घास घेतले, कारण धाकटा. मारुतीला केक लांबून, कागदाच्या बशीत दिला.

पुढचं आपण ताडलंच असेल. ठाण्याला पोचल्यावर सिद्धेशला ताप भरला, मागोमाग आम्ही सगळे तापाने आडवे झालो, आणि मारुतीला काहीही झालं नाही. तो अजून फोन करतो, "काकू कशा आहेत?" म्हणून. आम्ही बाकीचे आठवड्यात सावरलो. आईलाही दवाखान्यात ठेवावं लागलं नाही, आपल्याच खोलीत दार लोटून राहिली. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी नंदा रिकामं ताट घेऊन बाहेर आली ती लाल झालेल्या चेहऱ्याने. म्हणाली, "अहो, आईंनी आमटीला छान म्हटलं." मी म्हटलं, ताप असेल. पण दुसऱ्या दिवशी भाजीला छान म्हटलं, तिसऱ्या दिवशी भाताला. नंदाने आपल्या बहिणीला विठ्ठलवाडीला फोन करून ही बातमी कळवली, इतकी ती हरखली होती. मीही म्हटलं, रोगाने का होईना, घरात शांतता आली.

मग एकदा नंदाने मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. मला सांगितलंही नाही. ताट आत नेलं, दारात उभी राहिली. आई जेवली आणि म्हणाली, "छान झालीय हो." नंदा स्वयंपाकघरात गेली, दार लावलं आणि कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या तरी बाहेर आली नाही. मी गेलो तर ओट्याला टेकून रडत होती. "त्यांना काही कळतच नाहीये," म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, वास जातो, त्याबरोबर चवही जाते, पुष्कळांची परत येते. या वयात थोडा वेळ लागतो. किती, ते सांगता येत नाही. आता आई खोलीतून बाहेर येते, पेपर चाळते, मालिका बघते. फक्त स्वयंपाकघराकडे फिरकत नाही. आज काय केलंय, असं विचारत नाही. अर्ध्या पोळीवर पोट भरलं म्हणते. हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत जायला लागल्या, त्या तिने काढून नंदाकडे दिल्या, म्हणाली, "उन्हाळ्याचं टोचतं." आपल्या भाचेसुनेस आता सबंध घरात आमटीला नावं ठेवणारं कुणी उरलेलं नाही, आणि ती रोज मला विचारते, "तुम्ही तरी सांगा हो, काय कमी आहे?" मला काय कळतं? मला सगळं बरंच लागतं.

असो. फार लांबलं. आपण काळजी करू नये. सर्व ठीक आहे. सौ. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक भाचा,
विद्याधर

ता. क. : सर्व ठीक आहे असं वर लिहिलं, ते नंदाने वाचलं आणि म्हणाली की मामांना खोटं लिहू नका, त्यांचं वय झालंय. तेव्हा ते वाक्य गाळून वाचावं. त्याआधीचं सिद्धेशविषयीचं मात्र ठेवावं.

पुन्हा ता. क. : खरं काम हे. कैऱ्यांचे दिवस संपत आले. दरवर्षी आई लोणचं घालते आणि आपली बरणी कळव्याला येते. या वर्षी तिने कैऱ्या आणू दिल्या नाहीत, म्हणाली, "बाजारातलं आणा, काय फरक पडतो." मामा, हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मोहरी किती फेसली म्हणजे नाकात झणका बसतो, हे आपणा दोघांनाच ठाऊक, कारण आपण दोघं एकाच ओट्यापाशी वाढलात. आपणही मामींच्या लोणच्याला नावं ठेवता, ती माझ्या कानावर आहेत. तर आपण चार दिवस इथे राहायला यावं. येताना कैऱ्या आपणच आणाव्यात, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही. हात तिचे, नाक आपलं. बिघडलं तर तोंडावर बिघडलं म्हणा, भांडा, पहिल्यासारखं तिला रडवा हवं तर. आम्ही कुणी ते करू शकत नाही. आम्ही सगळे तिच्याशी फार गोड वागायला लागलो आहोत, आणि तीही आमच्याशी.

शेवटचं : मारुतीला सांगून ठेवलंय. आपण होकार कळवलात की तो गाडी घेऊन दारात येईल. काचा उघड्या ठेवा.

वास परत येईल की नाही, याची मला तेवढी काळजी नाही. काल तिच्यापुढे ताट ठेवलं, तेव्हा तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "खायलाच हवं का रे?" मी हो म्हटलं आणि तिने लहान मुलासारखं तोंड उघडलं. तिने पुन्हा विचारलं तर काय सांगायचं, ते मला कळत नाही. मला भीती वाटते, मामा. लवकर या.